वरुणेपलीकडचा डॉक्टर

त्या वर्षी आषाढी एकादशीला आमच्या यांनी चातुर्मासाचं मौन धरलं आणि कार्तिकीपर्यंत फक्त दुधावर राहायचा संकल्प सोडला, तेव्हा खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. आमचे हे वेदपाठी. काशीत संकठा घाटाजवळच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आणि उजाडल्यापासून घरात पाठ सुरू. शिष्य संथा घ्यायला यायचे. हे एकदा म्हणायचे, ते दोनदा म्हणायचे, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. घनपाठात शब्द पुढे जातात, मागे येतात, पुन्हा पुढे जातात. मी पोळ्यासुद्धा त्याच तालात लाटायला लागले होते. बाईने वेद म्हणायचा नाही, शिकायचा नाही, ऐकायचाही नाही म्हणतात. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कान कुठे ठेवायचे, ते मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर घर एकदम शांत झालं. शिष्यांना यांनी दुसऱ्या गुरुजींकडे धाडलं. स्वयंपाक एकटीचा. लढाईचे दिवस, रॉकेल मिळेना, साखर मिळेना, त्यात एका माणसाचं जेवण वाचलं म्हणून मी मनात हिशेबसुद्धा केला, इतकी मी साधी. गल्लीतल्या बायका यांच्या पाया पडायला येऊ लागल्या. काशीत गप्प बसणाऱ्या माणसाला मान फार. एरवी ज्यांना हे फटकळ वाटत, त्याही म्हणाल्या, "भाग्यवान हो तू! असा तपस्वी नवरा!" मी पदर सावरून हसले.

श्रावणात माझ्या लक्षात आलं की हे जांभई देत नाहीत.

मौनात जांभईला मनाई नसते. मग मी बघायला लागले. चूळ भरताना पाणी ओठांतच फिरे आणि बाहेर येई. दूध पिताना मान डावीकडे कलती. खांद्यावरचं उपरणं गळ्यापर्यंत ओढून घेतलेलं, ऐन उकाड्यात. आणि एका सकाळी न्हाणीत खुंटीवरची जीभी हाताला लागली. जीभ खरवडायची ती तांब्याची पट्टी. इथे सगळे जीभीच म्हणतात. तिच्यावर धूळ होती आणि दोन टोकांच्या मध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं. रोज पहाटे जीभ घासल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारा माणूस, आणि त्याच्या जीभीवर जाळं.

मी ती तशीच घेऊन माजघरात आले. म्हटलं, "अहो, तोंड खोला."

यांनी बोट ओठांवर ठेवलं. मौन.

"बोलू नका. नुसतं खोला. जरा आ करा बघू."

ते उठून जायला लागले. मी उपरणं धरलं आणि ओढलं. उजव्या जबड्याच्या कोपऱ्याशी लिंबाएवढी गाठ होती, लालभडक, आणि हात लावला तर चुलीच्या भिंतीसारखी गरम. ते खाली बसले. तोंड खोलायचा त्यांनी प्रयत्न केला तेव्हा दातांच्या दोन ओळींमध्ये माझ्या करंगळीचं नखही गेलं नसतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग पाटीवर लिहून लिहून सगळं बाहेर आलं. ज्येष्ठात अक्कलदाढ दुखायला लागली होती. "या वयात अक्कलदाढ! चला, आली तर खरी," अशी थट्टा मीच केली होती, ती आठवली. मग तोंड उघडायला जड जाऊ लागलं. यांचे वडील अशाच दाढेने गेले होते. न्हाव्याने दाढ उपटली, जबडा नासला, आणि इतका मोठा घनपाठी शेवटचे दिवस नुसता कण्हत राहिला. ते यांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं. आपलं दुखणं कुणाला कळलं की चिमटा आलाच, या धास्तीने यांनी व्रत पुढे केलं. देवीसमोर हातात पाणी घेऊन संकल्पही सोडला, दातांवर दात ठेवूनच. म्हणजे सोंग म्हणून धरलेलं व्रत आता खरंच अंगावर होतं. बरं झालं तरी बोलायचं नाही आणि मेलं तरी बोलायचं नाही.

मला राग आला. इतका राग की रडूही येईना. "माझ्यापासून लपवलंत? मी काय न्हावी आहे?" मी ओरडले. आणि त्या रागाच्या खाली जी भीती होती ती अशी. मी चोवीस वर्षांची होते, मूलबाळ नव्हतं, सासूसासरे गेलेले. काशीत तरुण विधवेचं काय होतं ते बघायला मला लांब जावं लागत नव्हतं. दशाश्वमेधावर स्नानाला गेलं की पायऱ्यांवर ओळीने बसलेल्या असत, केस उतरवलेल्या, हातात वाटी. त्यांच्यात मराठी बोलणाऱ्याही होत्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूने जाणं सोडलं.

वैद्यबुवांनी काढा दिला आणि गुळण्या करायला सांगितल्या. ज्याचं तोंड उघडत नाही त्याने गुळण्या कशा करायच्या, विचारलं तर म्हणाले, श्रद्धा ठेवा. घाटावर दात काढणारा बसे, पुढ्यात फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग. यांचं त्याच्याकडे जाणं शक्य नव्हतं म्हणून मीच जाऊन विचारलं. तो म्हणाला, "मुँह खुले तब न निकालें, बहूजी? बंद संदूक में से का निकालें?" बोलताना तो एक दाढ हातात खेळवत होता. ती मला पुढे कित्येक दिवस दिसत राहिली.

गाठ वाढतच होती. ताप चढू लागला. कुणी सांगितलं की पलीकडे रामनगरला हाडं बसवणारा एक जर्राह आहे, गाठी फोडण्यात त्याचा हात धरणारा नाही. हे तयार होईनात. मी म्हटलं, "चलता की संकठेच्या देवळात उभी राहून सगळ्या बायकांना तुमचं मौन काय आहे ते सांगू?" तेव्हा उठले.

भाद्रपदातली गंगा. पूर ओसरला नव्हता, पाणी मातकट आणि नावेच्या काठाशी आलेलं, मधूनच मोठी झाडं वाहत यायची आणि मल्लाह बांबूने त्यांना दूर ढकलायचा. मी डोळे मिटून देवीचं नाव घेत होते. इतक्यात यांनी माझा हात ओढला. बघते तर हे पलीकडच्या तीराकडे मान करतात आणि दोन्ही हात कानांपाशी नेऊन लांब कान हलवून दाखवतात. काशीत मेलं की मोक्ष, आणि त्या पलीकडच्या तीरावर मेलं की गाढवाचा जन्म, असं इथे लहान पोरसुद्धा सांगेल. म्हणजे या माणसाला एवढ्या तापात थट्टा सुचत होती. मी हसले, आणि हसता हसता थांबले, कारण यांचे डोळे हसत नव्हते. यांना खरंच भीती वाटत होती. मलाही.

जर्राहने गाठ दाबून पाहिली आणि आत जाऊन लोखंडी सळई निखाऱ्यात ठेवली. डाग द्यायचा म्हणाला. आणि दातांत घालून ठोकायला लाकडी पाचर काढली. पाचर बघून हे दाराकडे सरकले. मी विचारलं, "आवाज राहील ना? बोलता येईल ना यांना?" त्याने खांदे उडवले. "जान बचेगी तो आवाज भी देखी जाएगी."

मी यांना हाताला धरून बाहेर काढलं. नावेत हे फळीवर आडवे झाले आणि मी सगळ्या गावाला शिव्या घालत होते. त्या परतीच्या वाटेवर मला पहिल्यांदा नक्की वाटलं की हा माणूस आता जाणार.

पितृपंधरवडा लागला. देशाकडून आलेले यजमान पिढीजात आमच्याकडे उतरत. विधी त्या वर्षी शेजारचे गुरुजी करीत, पण जेवण माझ्याच चुलीवर. एक दिवस साताऱ्याकडचा एक सुभेदार बापाचं श्राद्ध करायला आला. ब्राह्मण जेवून उठले आणि तो शेवटी पानावर बसला. मी वाढत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. वडा वाढताना माझी नजर त्याच्या चेहऱ्याकडे गेली आणि तिथेच राहिली. जबड्याखालून कानापर्यंत शिवणीची लांब खूण होती. एका बाजूला गाल आत गेलेला. आणि तरी माणूस उडदाचा वडा कडकडून खात होता, जबडा छान वरखाली होत होता.

परक्या पुरुषाच्या तोंडाकडे टक लावून बघू नये हे मला शिकवलेलं होतं. मी ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले आणि विचारलं, "तुमचा जबडा कुणी सांधला?"

तो ओशाळला. मग म्हणाला, "लढाईत, समिंदरापल्याड वाळवंटात गोळी लागली, वैनी. खालचं हाड पार मोडलं व्हतं. हितं छावणीच्या दवाखान्यात एक गोरा डाक्टर हाय. दुसरं काय न्हाई, तोंडाची हाडं, जबडं, दात, येवढंच बघतो. त्येच्या हाताखाली चार म्हैने काढलं मी. आता रजा मिळाली म्हून आधी बापाचं करून घ्यावं म्हटलं."

तोंडाच्या हाडांचाच वेगळा डॉक्टर असतो, हे मी जन्मात प्रथम ऐकत होते. वैद्य असतो, न्हावी असतो, जर्राह असतो. पण जबडा एवढंच ज्याचं काम, असा माणूस आपल्याच गावात, वरुणा नदीच्या पलीकडे, टांग्याने जाण्यासारखा! मी तिथेच ताट खाली ठेवून भिंतीला टेकले. सुभेदार घाबरून पानावरून उठायला लागला. त्याला बसवलं, यांना पुढे आणून दाखवलं. त्याने गाठीकडे पाहिलं आणि त्याचा घास हातातच राहिला.

"उद्या नगं, वैनी," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

टांग्यात यांना दोघांच्या मध्ये धरून बसवलं. वरुणेच्या पुलाशी आलो तेव्हा यांनी घोड्याचा लगाम खेचायला हात पुढे केला. वरुणा म्हणजे काशीची हद्द. पुलापलीकडे मरण आलं तर मोक्ष नाही. माझी आई असती तर तिनेही सांगितलं असतं, की जाऊ नको, घरी ने, मुखात गंगा घाल आणि शांतपणे जाऊ दे. आणि माझ्या मनात आलं, खरंच, मी यांचा मोक्षसुद्धा घालवत नाही ना? सुभेदार माझ्याकडे बघत होता. मी टांगेवाल्याला म्हटलं, "चलो."

छावणीत गोरे सोल्जर, बंदुका, लांबलचक बराकी, आणि औषधांचा असा वास की मी पदर नाकाला लावला. बाहेरच्या माणसाला तिथे प्रवेश नव्हता. सुभेदार फाटकाशी ताठ उभा राहून सलाम ठोकून काय बोलला देव जाणे, पण आम्हाला आत घेतलं. डॉक्टर म्हाताऱ्या मास्तरासारखा वाटला, वाकलेला, चष्म्याआड डोळे लहान. त्याने रबराचे हातमोजे घातले आणि गाठीला बोट लावलं. हे आक्रसले. दुखल्यामुळे की म्लेंच्छाच्या स्पर्शामुळे, मला कळलं नाही. डॉक्टरने गाठ सगळ्या बाजूंनी चाचपली. मग सुभेदाराला सांगत गेला आणि सुभेदार मला.

दाढेतून पू हाडात उतरला होता. बाहेरून कापून काढायला हवा होता, आजच. उद्या सूज गळ्यात उतरली की श्वास बंद. पण भुलीचं औषध हुंगवता येणार नव्हतं. तोंड बंद असलेला माणूस बेशुद्ध झाला आणि जीभ मागे पडली, तर ती ओढून काढायला जागा नाही. म्हणून नुसती सुई टोचून, जागेपणी कापायचं. "आनि साहेब म्हनतोय," सुभेदार घसा खाकरून म्हणाला, "पंडितजींनी सारखं बोलत ऱ्हायला पायजे. आवाज चालू तवर श्वास चालू. आवाज बंद झाला तर साहेब हात थांबवनार आनि थेट गळ्याला भोक पाडनार."

हे मान हलवू लागले. नाही. मौन. बोट ओठांवर.

डॉक्टरने हातमोजे काढायला सुरुवात केली.

मी यांच्यापुढे जमिनीवर बसले. शास्त्र मला येत नव्हतं, पण इतकी वर्षं शास्त्र्यांच्या गल्लीत राहत होते. म्हटलं, "माणसांशी बोलणार नाही, असं ना तुमचं व्रत? मग माणसांशी नका बोलू. पाठ म्हणा. देवाचं देवाला म्हणा. त्यात कुणाचं मौन मोडतं?" ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यांपुढे दशाश्वमेधाच्या पायऱ्या होत्या. मी म्हटलं, "अहो, मला त्या वाटीवाल्या बायकांत बसवू नका." हे मी बोलायला नको होतं असं कुणी म्हणेल. मी बोलले, कारण तेच खरं होतं.

यांनी डोळे मिटले आणि होकार दिला.

मला बाहेर काढलं. दार लावून घेतलं, पण वरची झडप उघडी होती. मी व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी राहिले, शेजारी सुभेदार. आधी नुसती भांड्यांची खणखण. मग यांचा आवाज आला. बंद दातांमागून, गढूळ, पण आला. किती महिन्यांनी! घनपाठ. शब्द पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे. मी त्या आवाजाला धरून उभी होते. मध्येच तो चिरकला, कापला, लांब कण्हणं निघालं आणि पुन्हा शब्द सुरू झाला. म्हणजे सुरी लागली. मी दोन्ही मुठी आवळून, यांच्या आधी मनात पुढचा शब्द म्हणत होते आणि तो आत उमटला की श्वास सोडत होते.

आणि आवाज थांबला.

मध्येच. जिथे तो कधीच थांबत नाही तिथे. मागे आलेला शब्द पुढे गेलाच नाही. आत डॉक्टर काहीतरी जोराने बोलला. पावलं वाजली, भांडं पडलं. सुभेदाराने टोपी हातात घेतली. माणूस गेल्यावर काढतात तशी.

पुढचा शब्द मला माहीत होता. इतकी वर्षं पोळ्या लाटताना तो माझ्या कानांवरून गेला होता. तो माझ्या तोंडी येणं हे महापाप, तेही मला माहीत होतं. मी झडपेकडे तोंड वर केलं आणि मोठ्याने म्हटला. जसा हे शिष्याला देतात तसा, खडा, स्वरासकट. मग पुन्हा एकदा.

आत क्षणभर काहीच नाही. मग बंद दातांमागून, फार लांबून यावा तसा, यांचा आवाज आला. माझाच शब्द. त्यांनी तो उचलला, मागे नेला, पुढे आणला, आणि पाठ चालू झाला. मी भिंतीला हात टेकला. सुभेदार म्हणाला, "बसा, वैनी, बसा." मी बसले नाही. शेवटपर्यंत उभी राहिले.

हे वाचले. कार्तिकीपर्यंत तोंडात दोन बोटं जातील इतकं उघडू लागलं, पुढे पोळीही खाऊ लागले. खालच्या ओठाचा उजवा कोपरा मात्र कायमचा बधिर झाला. ताक पिताना ओघळ आला तरी यांना कळत नसे. मग मी समोरून आपल्या ओठाला बोट लावायची आणि हे पुसायचे.

कार्तिकीला मौन सुटल्यावर, वरुणेपलीकडे जाऊन परक्या हाताने मुखस्पर्श झाला म्हणून प्रायश्चित्त घ्यावं लागलं. प्रायश्चित्तात घडलेलं सगळं ब्रह्मवृंदासमोर बोलून दाखवायचं असतं. यांनी एकेक सांगितलं. सोंगाचं मौन सांगितलं, रामनगर सांगितलं, गोऱ्याचा हात सांगितला. मी दाराआड उभी होते, आता माझा शब्द येणार म्हणून कान देऊन. वडीलधारे म्हणाले, "आणखी काही?" यांनी सांगितलं, आणखी काही नाही. मला वाटलं, यांना ठाऊकच नसेल. तशा अवस्थेत कुणाला कळतंय शब्द कुठून आला?

मार्गशीर्षात शिष्य यायच्या आधी हे एकटेच पाठाला बसले. मी तव्याशी होते. पाठ नेहमीसारखा चालला होता, आणि मध्येच हे थांबले. तोच शब्द, तीच जागा. मला वाटलं, ओघळ आला असेल, बोट दाखवावं म्हणून मी मान वळवली. ओघळ नव्हता. उजळणी झोपेतही न चुकणारा हा माणूस स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून नुसता बसला होता. पुढे जात नव्हता, मागे येत नव्हता. वाट बघत होता.

मी आधी उठून गल्लीकडचं दार लावून घेतलं. मग पोळी उलटली आणि हळू आवाजात त्यांना तो शब्द दिला.